थोरल्या साडूंचा दुमडणारा लॅपटॉप

पुण्यात लॅपटॉप घरोघरी असतील, पण लॅपटॉप बाळगणं ज्याला म्हणतात ते या शहरात फक्त माझ्या थोरल्या साडूंना जमलं आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. बाकीचे आपण सगळे लॅपटॉप नुसता वापरतो. मांडीवर घेतो, त्याच्यावर चहा सांडतो आणि चालेनासा झाला की त्यालाच नावं ठेवतो. माझ्याकडेही एक आहे. मुलीने नवा घेतल्यावर तिचा जुना माझ्या वाट्याला आला. त्याची बिजागरी सैल असल्यामुळे भिंतीला टेकवल्याशिवाय त्याचा पडदा उभा राहत नाही, त्यामुळे मी गेली तीन वर्षं भिंतीकडे तोंड करूनच काम करतो. थोरल्या साडूंकडे असला गबाळेपणा चालत नाही. नारायण पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपला स्वतःचा पाट आहे, ताईंच्या जुन्या इरकलीतून शिवलेली, आतून अस्तर लावलेली नाडीची खोळ आहे, आणि साबणाने हात धुऊन आल्याशिवाय तो कोणालाही भेटत नाही. ताई म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भगिनी. त्या या सगळ्याकडे ज्या शांतपणे बघतात, ते बघून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

साडू सत्तरीचे आहेत. भोसरीकडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं काढली. वर बसून यंत्राच्या भागांची ड्रॉइंगं काढायची आणि खाली शॉपवर पाठवायची. तिथे त्याबरहुकूम भाग तयार व्हायचे. ड्रॉइंगात चूक निघाली तर ते लाल पेन्सिलीची फुली मारून वर परत यायचं, आणि ती फुली अख्ख्या ऑफिसला दिसायची. 'माझं एकही ड्रॉइंग परत आलेलं नाही,' हे साडूंच्या आयुष्यातलं मुख्य वाक्य. लग्न ठरवताना मुलाची माहिती म्हणून त्यांनी हेच पहिल्यांदा सांगितलं होतं, असं ताई म्हणतात. डॉक्टरांनी रक्तदाब किती विचारला तरी साडू आधी हे सांगून घेतात. या चौतीसातली शेवटची सहा वर्षं त्यांनी एकही ड्रॉइंग काढलेलं नव्हतं, हे मात्र ते सांगत नाहीत. ऑफिसात संगणक आले, तेव्हा त्यांना बढती म्हणून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं. माउस त्यांना कधी जमलाच नाही. 'हात टेबलावर, डोळे पडद्यावर आणि रेघ तिसरीकडेच. ही काय रेघ ओढायची रीत झाली?' असं ते म्हणायचे, आणि मग जुन्या ड्रॉइंगांच्या गुंडाळ्या नीट लावत बसायचे. त्या सहा वर्षांत ते आमच्याकडे जेवायला आले की फार कमी बोलत. तेव्हा मला ते बरं वाटायचं, याची आज लाज वाटते.

त्यांची आणखी एक खोड इथेच सांगितली पाहिजे. ड्रॉइंग पुरं झालं की ते कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा एक माणूस काढत. गोल डोकं, वर टोपी, पाय फाकवलेले आणि एक टोकदार नाक. हा माणूस यंत्रासमोर उभा आहे असं समजायचं. नाक जिकडे, ती यंत्राची समोरची बाजू आणि त्याचा उजवा हात ती उजवी. साहेब लोक चिडत. 'ड्रॉइंगमध्ये माणूस कशाला?' असं विचारत. 'कारण यंत्र माणूस बनवतो,' असं साडू उत्तर देत आणि पुढच्या ड्रॉइंगात नाक आणखी थोडं लांब काढत. शॉपवरचे लोक मात्र ड्रॉइंग हातात पडलं की आधी तो माणूस शोधत, मग बाकीचं वाचत.

तर असे साडू मला घेऊन लॅपटॉप घ्यायला गेले. टाय लावलेले एक विक्रेते अदबीने पुढे आले. 'सर, हा कन्व्हर्टिबल आहे. थ्री सिक्स्टी फोल्ड होतो. मूव्हीज बघा, गेमिंग करा, टॅब्लेट म्हणून यूज करा. डेडिकेटेड ग्राफिक्स आहे, पेन बॉक्समध्येच येतं.' साडू म्हणाले, 'ते सगळं मागाहून. आधी मला एक रेघ काढू द्या.' विक्रेत्यांनी पेन दिलं. साडूंनी पडदा पूर्ण मागे दुमडला, टेबलावर आडवा ठेवला, श्वास रोखला आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली. मग खिशातून सहा इंची पोलादी पट्टी काढून त्या रेघेला लावली. 'सर, सर, स्क्रॅच येईल!' असं ओरडत विक्रेते धावले, पण साडूंचं लक्ष नव्हतं. रेघ पट्टीला लागून तंतोतंत होती. 'साडूबुवा,' ते मला हळूच म्हणाले, 'हाताखाली उमटली हो.' अठरा वर्षांनी त्यांच्या हाताखाली रेघ उमटली होती. विक्रेते रॅमबद्दल काहीतरी सांगत होते आणि साडू त्या रेघेकडे बघत उभे होते. मीही रुमाल काढून नाक पुसलं, पण दुकानात एसी फार होता असं मी बायकोला सांगितलं.

त्या दिवसापासून साडूंचा पुनर्जन्म झाला आणि नातेवाइकांची परीक्षा सुरू झाली. दुमडण्याच्या चार अवस्थांना त्यांनी स्वतः नावं दिली: बसलेला, टेकलेला, तंबू आणि पाटी. अवस्था बदलण्यापूर्वी ते आधी जाहीर करतात, म्हणजे बेसावध माणूस दचकू नये. 'आता तंबू करतोय हं.' एका मुंजीत त्यांनी पंगतीत पानासमोर तंबू उभा केला आणि शेजारच्या गृहस्थांना पाण्याच्या झडपेचं चित्र चारी बाजूंनी फिरवून दाखवलं. गृहस्थांचा वरणभात गार झाला, जिलबी आली आणि गेली, आणि शेवटी ते कळवळून म्हणाले, 'अहो, पण मी बँकेत होतो.' साडू म्हणाले, 'म्हणूनच सावकाश दाखवतोय.' डेडिकेटेड ग्राफिक्स म्हणजे काय, हे तर त्यांनी आमच्या आख्ख्या गोतावळ्याला समजावलेलं आहे. 'साध्या लॅपटॉपात काय असतं, एकाच ओट्यावर सगळं. पोळ्याही तिथेच, चहाही तिथेच, आणि मध्येच कोणाला तरी दूध तापवायचं असतं. ह्याला चित्रांसाठी वेगळा ओटा, वेगळी शेगडी, वेगळी भांडी. कोणी कोणाच्या मध्ये येत नाही.' यावर स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, 'मला मात्र चाळीस वर्षं एकच ओटा आहे हो.' साडूंनी ती सूचना नोंदवून घेतली आणि विषय पुढे नेला.

पेन तर ते जिवापलीकडे जपतात. ते शर्टाच्या खिशात, जुन्या क्लच पेन्सिलीच्या शेजारी राहतं आणि दुसऱ्या कोणाच्या हातात जात नाही. माझी मुलगी एकदा 'काका, बघू' म्हणाली तर त्यांनी तिला क्लच पेन्सिल बघायला दिली. पूर्वी रेघ ओढताना ते पेन्सिल बोटांत हलकेच फिरवत नेत, म्हणजे टोक सगळीकडून सारखं झिजे. हे पेनही ते तसंच फिरवतात. 'ह्याचं टोक झिजत नाही ना पण?' मी विचारलं. 'न झिजू दे. बोटं माझी आहेत,' ते म्हणाले. काम संपलं की मऊ ब्रश घेऊन पडद्यावरचा खोडरबराचा चुरा झटकतात. चुरा नसतोच. तो झटकून ते पडद्यावर एक फुंकरही मारतात, आणि मगच त्यांना काम झाल्यासारखं वाटतं. या लॅपटॉपात हाताने काढलेली रेघ आपोआप सरळ करून देण्याची सोय आहे. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली. 'माझी रेघ सरळ करणारा हा कोण?' असं म्हणाले.

शिवाय त्यावर जे काही काढतील त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात ऑफिसातल्यासारखी चौकट असते. वस्तूचं नाव, स्केल, शीट कितवी, आणि त्याखाली तीन घरं: काढले, तपासले, मंजूर. किराण्याच्या यादीलाही ही चौकट असते: 'किराणा, शीट १ पैकी १, स्केल नाही.' ज्याने काढलं त्याने स्वतः तपासायचं नाही, हा ऑफिसातला नियम त्यांनी घरीही ठेवला आहे. त्यामुळे 'तपासले'च्या घरात प्रिंटवर ताईंची सही असते. 'मंजूर'चं घर रिकामं ठेवतात, कारण मंजूर करणारे साहेब सध्या जागेवर नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ताई न बघता सही करतात. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या कुठल्याही कागदावर बाई दुसरं काय करणार?

आता मुख्य गोष्ट. मी दर वर्षी लोणी काळभोरच्या एका गुऱ्हाळावरून गूळ आणतो. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर फोन केला तर गुऱ्हाळवाले फार चिंतेत होते. 'औंदा गुऱ्हाळ लागतंय का न्हाई काय सांगता येत न्हाई बघा. चरकाचा उजवा कान फुटलाय. आज्ज्याच्या वक्ताचं मशीन हाय, पार्ट कुठं घावत न्हाई. ऊस रानात हुबा हाय.' कान म्हणजे ऊस पिळणारा रूळ ज्यात फिरतो तो बिडाचा मोठा ठोकळा. चरकाला असे दोन कान असतात, एक डावा, एक उजवा. उजव्याचे दोन तुकडे झाले होते, आणि त्यातला एक त्यांच्या धाकट्या भावाने घाईघाईने भंगारात देऊन टाकला होता. ओतकाम करणारे म्हणत होते, कागदावर काढून आणा, मग बघू. दिवाळीच्या पाडव्याला गुऱ्हाळ लागलं नाही तर ऊस दुसरीकडे जाणार, माणसं दुसरीकडे जाणार, आणि आज्ज्याच्या वेळेपासून चालत आलेलं गुऱ्हाळ बंद पडणार. 'थांबा,' मी म्हणालो, 'आमचे थोरले साडू आहेत.' हे वाक्य मी इतक्या ऐटीत म्हणेन असं मला स्वतःला कधी वाटलं नव्हतं.

साडूंना मी लोणीला घेऊन गेलो. सत्तर वर्षांचा हा माणूस मातीत पालथा पडून कॅलिपरने मापं घेत होता. फुटक्या कानाचा उरलेला तुकडा मोजला, शाबूत डावा कान मोजला, दोन्हींचा मेळ घातला, आणि उठताना गुडघ्याला हात लावून म्हणाले, 'होईल.' पुढचे बारा दिवस नारायण पेठेत दुसरं काही झालं नाही. कान पडद्यावर हळूहळू आकाराला आला. वेगळ्या शेगडीचा अखेर उपयोग झाला: तो कान पडद्यावर गरगर फिरायचा, त्याच्यावर उजेड पडायचा, बिडाचा खडबडीतपणासुद्धा दिसायचा. इमारतीतली माणसं हात धुऊन धुऊन तो बघायला येऊ लागली. खालच्या मजल्यावरचे, कुठल्याही गोष्टीला बरं न म्हणणारे निवृत्त हेडमास्तर पाच मिनिटं बघत राहिले आणि 'हं' म्हणाले. नारायण पेठेत याच्यापुढे कौतुक नाही. साडूंनी ठरवलं, दसऱ्याला ड्रॉइंग द्यायचं. त्यांच्याच कारखान्यात पूर्वी लाकडी नमुने बनवणारे एक मिस्त्री होते, त्यांनी आता येरवड्याला स्वतःचा छोटा कारखाना टाकला आहे. आधी त्यांच्याकडे लाकडी नमुना होणार, मग त्याबरहुकूम ओतकाम. आता फक्त तीन बाजूंची तीन चित्रं कागदावर मांडायची आणि कोपऱ्यातला माणूस काढायचा, एवढं बाकी होतं. ते त्यांनी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं.

तो शेवटचा दिवस निघाला खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्याराची पूजा करतात आणि त्याला हात लावत नाहीत. साडूंनी ड्रॉइंग बोर्डची, पोलादी पट्टीची, कंपासपेटीची पूजा आयुष्यभर केलेली. लॅपटॉपला वगळणं त्यांच्या मनाला पटेना. पाटावर लॅपटॉप 'टेकलेल्या' अवस्थेत मांडला. पेनाला गंध लावलं, पडद्याच्या कडेला हळदकुंकू, कळफलकावर झेंडू, आणि मग भक्तिभावाने अक्षता वाहिल्या. भक्तिभाव जरा जास्तच झाला. 'आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात नाही लावायचा,' असं सगळ्यांना बजावलं. दसऱ्याला सकाळी लॅपटॉप चालू केला तर आतून दळणाच्या गिरणीसारखा आवाज. पंखा खरखरत होता, बूड तापलं होतं, फिरणारा कान अडखळत होता. आणि दहाच्या ठोक्याला गुऱ्हाळवाले आपट्याची पानं घेऊन दारात उभे. साडूंची आयुष्यात पहिल्यांदा घाई झाली. तीन चित्रं हाताने मांडण्याऐवजी त्यांनी सॉफ्टवेअरला सांगितलं, त्याने ती क्षणात मांडून दिली. साडूंनी आपली चौकट चिकटवली. ताईंनी एका हातात श्रीखंडाचा डाव धरून दुसऱ्या हाताने 'तपासले'मध्ये सही केली. माणूस काढायचा राहिला. 'आता फिरवून दाखवता येतंय, माणसाची काय गरज,' असं साडू स्वतःशीच पुटपुटले, ते मी ऐकलं. ड्रॉइंग गुऱ्हाळवाल्यांच्या पिशवीत बसून येरवड्याला मिस्त्रींकडे गेलं. दुपारी साडूंनी प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर नोंदवत लॅपटॉप उघडला आणि चिमट्याने कुंकू लावलेल्या तांदळाचे चार दाणे बाहेर काढले. ते दाणे त्यांनी देवापाशी ठेवले. पंखा पूर्ववत झाला, आणि या पराक्रमावर आम्ही श्रीखंड खाल्लं.

चौथ्या दिवशी मी साडूंकडे गेलो होतो तेव्हा येरवड्याचे मिस्त्री आले. दारात चपला काढल्या, सांगण्याआधीच हात धुतले आणि पिशवीतून ड्रॉइंग काढून टेबलावर ठेवलं. 'साहेब, सागाचं लाकूड काढलं होतं कापायला. मग म्हटलं, माणूस कुठाय? इतक्या वर्षांत साहेबांचं एक ड्रॉइंग माणसाशिवाय आलं नाय. म्हणून नाय कापलं.' साडू हसले. 'अहो मिस्त्री, माणसाचे दिवस गेले. हे बघा.' त्यांनी तंबू केला आणि कान फिरवून दाखवला. मिस्त्रींनी पडद्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. शेवटी ते खाली बघून म्हणाले, 'साहेब, पडद्यावर उजवा कान दिसतोय. कागदावरनं माझा डावा होतोय.'

झालं होतं असं. एका वस्तूची समोरून, वरून आणि बाजूने दिसणारी चित्रं कागदावर कुठे मांडायची, याच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडच्या कारखान्यांत उजवीकडून दिसणारं चित्र डावीकडे काढतात आणि वरून दिसणारं खाली. अमेरिकेत नेमकं उलट. सॉफ्टवेअरने चित्रं त्याच्या पद्धतीने मांडली होती आणि साडूंनी खाली चौकट आपल्या पद्धतीची चिकटवली होती, म्हणजे चित्रंही आपल्याच पद्धतीची, असं वाचणारा धरून चालणार. मिस्त्रींनी तो कागद आपल्या सवयीने वाचून नमुना केला असता, तर चरकाला दोन्ही कान डावेच झाले असते, आणि दोन्ही डाव्या पायांच्या चपला घालून कोणाला चालता येत नाही. पाडवा हुकला असता, गुऱ्हाळ गेलं असतं. कोपऱ्यात माणूस असता तर त्याचा उजवा हात मांडताना साडूंना हे तिथल्या तिथे दिसलं असतं.

साडूंनी पडद्यावर फिरणारा कान थांबवला. कागद हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, 'मिस्त्री, लाल पेन्सिल आहे?' मिस्त्री म्हणाले, 'आहे साहेब, पण माझ्याच्यानं नाय होणार.' साडूंनी लॅपटॉप मिटला, इरकलीच्या खोळीत घातला आणि नाडीला गाठ मारली. 'विकून टाकतो,' ते म्हणाले. 'पहिलंच ड्रॉइंग काढलं आणि परत आलं. बरोबर होतं त्यांचं, मला रेकॉर्ड रूममध्ये ठेवलं ते.' त्यांच्या तोंडून रेकॉर्ड रूमचं नाव मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली, पण त्या क्षणी त्यांच्यासाठी काहीही करायला मी तयार होतो आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. तेवढ्यात ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. 'विकायचा असेल तर मला विचारून विका,' त्या म्हणाल्या. 'तपासले म्हणून सही माझी आहे. चूक दोघांची आहे, तुमची एकट्याची नाही. आणि खोळ माझ्या साडीची आहे, ती मी देणार नाही.' मिस्त्री चाचरत म्हणाले, 'आणि साहेब, मी कुठं पकडलं? तुमच्या माणसानं पकडलं. तो दिसला नाय म्हणून तर मी थांबलो.'

हे साडूंच्या आत कुठेतरी पोहोचलं. थोड्या वेळाने त्यांनी खोळीची गाठ सोडायला सुरुवात केली. स्वतःच घट्ट मारलेली असल्यामुळे ती सुटेना, तेव्हा ताईंनी सोडून दिली. साडूंनी पाटी केली, सॉफ्टवेअरने मांडलेलं सगळं पुसलं आणि तिन्ही चित्रं हाताने मांडली, पेन बोटांत फिरवत फिरवत. आम्ही तिघं त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. शेवटी कोपऱ्यात डोकं उमटलं, टोपी आली, पाय फाकले, आणि एक टोकदार नाक आलं. 'हां!' मिस्त्री म्हणाले, 'आता वाचता येतंय.' मग साडूंनी अशी गोष्ट केली की ताईंनी मिस्त्रींसाठी आणलेला चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी पेन मिस्त्रींपुढे धरलं. 'तपासलेच्या घरात सही करा.' मिस्त्रींनी हात पँटला पुसला, पुन्हा पुसला. सारी नोकरी त्यांनी खाली शॉपवर केली, शेकडो ड्रॉइंगं हाताळली, पण ड्रॉइंगवर सही करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी अक्षर जुळवत आख्खं नाव लिहिलं. ते घराच्या बाहेर गेलं, आणि साडूंनी ते आत घेण्यासाठी चौकट रुंद केली.

पाडव्याला कान बसला. चरक फिरला तेव्हा गुऱ्हाळवाल्यांनी नारळ फोडला आणि काही तासांनी, पहिली कढई उतरली तेव्हा, आमच्या हातात गरम काकवीच्या वाट्या दिल्या. साडूंनी गुळाच्या ढेपेवर तंबू उभा केला होताच. पडद्यावर कान फिरत होता, पडद्याभोवती माश्या फिरत होत्या, आणि जमलेल्या मंडळींना ते वेगळ्या शेगडीचं समजावत होते. गुऱ्हाळवाले म्हणाले, 'तुमचं फिरतंय ते झ्याक हाय साहेब, पर आमचं बी फिरतंय, हिकडं बघा की जरा.' साडूंनी वळून बघितलं. रस धो धो येत होता. ते बघतच राहिले, आणि मी त्यांच्याकडे. माझ्या नात्यात असा माणूस आहे याचा मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की येताना मी अर्धी ढेप गूळ जास्त घेतला.

परत आलेलं ड्रॉइंग साडूंनी चौकटीत घालून लॅपटॉपच्या पाटामागच्या भिंतीला लावलं आहे. त्यावर लाल फुली त्यांनी स्वतःच मारली. आता ते नवीन माणसाला 'माझं एकच ड्रॉइंग परत आलं' असं सांगतात, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ सांगतात. हल्ली रेघ ओढायच्या आधी ते हात थोडा वेळ तसाच धरून ठेवतात. पूर्वी धरत नसत. ते मला दिसतं, आणि मला दिसतं हे त्यांनाही दिसतं.

गेल्या महिन्यात ते आमच्याकडे आले होते. माझा भिंतीला टेकलेला लॅपटॉप त्यांनी उलटसुलट करून पाहिला, पट्टीने मोजला आणि घरी गेले. आठवड्याने एक कागद आला: 'धाकट्या साडूंच्या लॅपटॉपचा लाकडी टेकू, शीट १ पैकी १.' तीन बाजूंची तीन चित्रं, आपल्या पद्धतीने, हाताने मांडलेली. कोपऱ्यात माणूस आहे. त्याला टोपी नाही, चष्मा आहे आणि खांद्याला माझी गूळ आणायची कापडी पिशवी आहे. 'तपासले'चं घर रिकामं आहे. मागोमाग त्यांचा फोन आला. 'साडूबुवा, सावकाश तपासा. काही चुकलं असलं तर संकोच करू नका, परत पाठवा.'

मला ड्रॉइंगातलं काही कळत नाही. तरीही मी दुपारभर तो कागद तपासला. चूक एकच सापडली: नाक माझ्या नाकाच्या निदान दीडपट काढलेलं आहे. पण मी सही केली आहे, आणि ते ड्रॉइंग माझ्याकडून परत जाणार नाही.